शाफ्टमधला तिसरा सूर

विष्णूच्या जाण्यानं विज्ञानाची कधीही भरून न निघणारी हानी झाली, असं आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन शोकसभेत म्हणाले. याच चेअरमननी एकदा विष्णूच्या यंत्राला डबडं म्हटलं होतं. पण शोकसभेत जुनं काढायची पद्धत नाही, आणि माझ्यातही आता तेवढा जोर उरलेला नाही…

विष्णू माझा पाटोद्याच्या शाळेतला मित्र. पुढं तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवू लागला आणि धातूतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा स्वतः बनवलेल्या यंत्रातून आवाज सोडून शोधू लागला. मला त्यानं एकदा समजावलं होतं. लोखंडात दोन सूर सोडायचे. लोखंड धड असेल तर तेच दोन बाहेर येतात. आत केसाएवढी भेग असली, की तिचे काठ एकमेकांवर आपटतात आणि आपण न सोडलेला तिसराच सूर निघतो. "संचालक मंडळाच्या बैठकीसारखं," मी म्हणालो. तो हसला नाही.

दुष्काळाच्या साली, हंगामाची पहिली मोळी टाकण्याआधी, चेअरमननी त्याला उसाच्या मिलचा शाफ्ट, म्हणजे रोलर फिरवणारा लोखंडी दांडा, तपासायला बोलावलं. मंत्री यायचे होते, मांडव घातला होता, फक्त सही हवी होती. विष्णूनं यंत्र लावलं, तिसरा सूर निघाला तिथं शाफ्टवर खडूनं रेघ मारली आणि सही नाकारली.

त्याच मिलवर त्याचा धाकटा भाऊ दत्ता कामाला होता. "दादा, लई शिकलास," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ऊस रानात वाळून चाललाय. हंगाम गेला तर आमी खावं काय, तुझा सूर?"

"शाफ्ट तुटला तर शेजारी तूच उभा असशील."

"कावून तुटंल? इतकी सालं तुटला न्हाई!"

नवा शाफ्ट येईपर्यंत ऊस छावणीतल्या गुरांनी खाल्ला. हंगाम झालाच नाही. दत्ता बोलेनासा झाला, दिवाळीलाही आला नाही. "यंत्र चुकलं असेल तर मी भावाच्या पोटावर उगाच पाय दिला रे," विष्णू मला म्हणायचा.

पुढं जुना शाफ्ट भंगारात निघाला. दत्तानं खडूच्या जागचा तुकडा मधोमध चिरून घेतला. आत केसाएवढी काळी रेघ होती. तो जड तुकडा टमटममध्ये घालून त्यानं विष्णूच्या दारात उतरवला आणि म्हणाला, "वैनी, चहा टाका." त्या विषयावर दत्ता एवढंच बोलला.

परवा वहिनींना भेटायला गेलो. तुकडा स्वयंपाकघरात आहे, त्यावर पाण्याचा हंडा. भेग बघावी म्हणून मी हंडा सरकवू लागलो.

"हळू, सांडेल," वहिनी म्हणाल्या. "नळ आता पंधरा दिवसांनी येईल."