गुण्या आणि तिरका काप

उष्णतेपासून वीज करणाऱ्या आमच्या तुकड्याची सगळी करामत तिरकेपणात होती. तांबं आणि बिस्मथचं संयुग यांचे पातळ थर एकावर एक दाबून ठोकळा करायचा आणि तो तिरका कापायचा. मग उष्णता वरून खाली गेली, तरी वीज आडवी, बाजूच्या टोकांना मिळते. थरांना धरून सरळ कापला, तर आडवं काहीच येत नाही. नांदेडच्या प्रयोगशाळेत कितीतरी ठोकळे तडकल्यावर हा एकच धड निघाला होता, आणि माझं सगळं संशोधन त्याच्यावर अडून होतं.

कापायला तो मी माहेरी, उदगीरला नेला. आमच्या घरचा ओटा बसवणारे ग्रॅनाइटवाले अण्णा तिथले. त्यांच्या हातावर माझा जितका भरवसा, तितका कुठल्या मशिनवर नव्हता. ठोकळ्यावर तिरकी रेघ मारून दिली आणि मी जेवायला घरी गेले. तिथंच घात झाला.

परत आले तर अण्णा खुशीत. "रेघ वाकडी मारली होतीस माय. म्हणलं, घाईत चुकली आसंल. गुण्या लावून काटकोनात काढलं बघ."

गिऱ्हाइकाच्या पेन्सिलीवर अण्णांचा कधीच विश्वास नसतो. ओटा असो की उंबरा, काटकोन तपासायचा तो गुण्या लावल्याशिवाय ते पातं फिरवत नाहीत. आमच्या घरात त्या सवयीचं कौतुकच होतं. मी मात्र तिथल्याच एका फरशीवर बसून, चांगली घोडी झालेली असून, भोकाड पसरलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुण्या खिळ्याला अडकवला. "रडू नको. उरलंय त्यातनं काढू." लाकडाची पाचर लावून, पाण्याची धार सोडून, श्वास रोखून त्यांनी तिरका काप घेतला. नखाएवढा तुकडा निघाला, पण अख्खा.

थंड ग्रॅनाइटवर तो पुसून ठेवला, वर कागद, आणि कागदावर अण्णांसाठी नुकताच आलेला चहाचा पेला. पिशवीतला मीटर काढून त्याच्या तारा दोन्ही बाजूंना टेकवल्या. मीटरवरचा आकडा हलला! दिवा लागायला कुठला पुरतोय, पण वीज बाजूनंच आली होती.

"हाय का?"

"हाय, अण्णा!"

त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

चहा निवेल तसा आकडा उतरत गेला, आणि मला तो शेवटपर्यंत बघायचा होता. अण्णा पेल्याला हात न लावता समोर बसून राहिले. आकडा थांबल्यावर त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला आणि माझ्यासाठी गरम सांगितला.