तुला आता पेन्शन येते ना

इकडे उत्तरेत, तेलीबागेत आमच्याकडे स्वयंपाकाला एक बाई येत असे. पस्तिशीची, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. मी बँकेत नोकरीला, म्हणून तिने एक दिवस भीत भीत विधवा पेन्शनचे कागद माझ्यापुढे ठेवले. फॉर्म मी भरला, खात्याला आधार जोडून दिलं. पहिली पेन्शन आली, तीही तीन महिन्यांची एकदम, तेव्हा तिने मला बुंदीचे लाडू आणून दिले. मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी तिने पगारात पाचशे रुपये वाढवून मागितले. तीन वर्षांत मी एकदाही वाढ दिली नव्हती. मी जेवता जेवता म्हणाले, "अब तो तुम्हारी पेंशन आती है ना?"

ती ओटा पुसून निघून गेली.

लेक समोरच बसली होती. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीतच. "मम्मी, पेंशन तो सरकार देती है. आप थोड़ी देती हैं."

मी तिला अभ्यासाला पिटाळलं. बाईने विश्वासाने दाखवलेल्या पासबुकावरून मी तिचा पगार ठरवत होते, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

महिना भरला आणि तिने काम सोडलं. ऑफिसात डबा खाताना मी सगळ्यांना सांगितलं, "फुकटचा पैसा मिळाला की यांना काम नको होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. नवी बाई मिळायला तीन आठवडे गेले. तिने जुन्या पगारापेक्षा आठशे जास्त सांगितले. "इधर अब सबका यही रेट है, दीदी." मी मुकाट्याने कबूल झाले.

पावसाळ्यानंतर एकदा मेन रोडवर जाम होता, म्हणून स्कूटी मागच्या गल्लीतून काढली. तिथे आमची जुनी बाई दिसली. दारापुढे भाजीच्या टोपल्या, अंड्यांचे ट्रे, भोवती पाच-सहा बायका. मला पाहून ती उठली, स्टूल पुसून दिलं, चहा मागवला.

"पेंशन के पैसे जोड़कर माल उठाया, दीदी," ती म्हणाली. "यहाँ कई औरतों की आती है. जिस हफ़्ते आती है, दोपहर तक सब बिक जाता है."

समोरच्या घरात शिलाई मशीन चालू होतं. चहाची टपरीही नवीच दिसत होती. कामाचा कंटाळा करून घरी बसलेली बाई मला त्या गल्लीत कुठे दिसली नाही.

माझं चुकलं, एवढंच मला म्हणायचं होतं. मी विचारलं, "भिंडी कैसे दी?"

तिने अर्धा किलो तोलली, वर मूठभर मिरच्या आणि कोथिंबीर टाकली. लेकीच्या परीक्षेची चौकशी केली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर लेकीला सगळं सांगितलं.

"आपने सॉरी बोला?"

"नाही. उद्या जाईन," मी म्हणाले.

त्याला आता वर्ष होत आलं. मी गेलेली नाही.