आत्याचं दीड तास मागचं घड्याळ

ओटावाहून आतेभाऊ निखिलचा फोन आला तेव्हा मी केंब्रिजला ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. "दादा, आई गेली. सकाळी, इन हर स्लीप." सुधाआत्याला द्यायचं एक उत्तर माझ्याकडे राहिलं होतं...

प्रश्न तिने नोव्हेंबरमध्ये विचारला होता. हिवाळ्यासाठी इथे सगळी घड्याळं तासभर मागे करतात, तो रविवार; मी ओटावाला तिच्या घरी होतो. नव्वदीला टेकलेल्या आत्याला स्टुलावर चढू द्यायचं नाही म्हणून हॉलमधलं घड्याळ मी लावलं. स्वयंपाकघरातलं भलतंच मागे दिसलं, तेही न विचारता बरोबर केलं. आत्या चहा टाकायला आली आणि थबकली.

"याला कुणी हात लावला?"

"मी. सेल संपत आलाय बहुतेक."

"शहाणाच आहेस! ते दीड तास मागेच असतं."

मग चहा तसाच राहिला आणि ती सांगत बसली. आत्या सहा वर्षांची असताना सिंगापूर जपान्यांच्या हाती गेलं. माझे आजोबा तिथल्या इस्पितळात कंपाउंडर होते. जपान्यांनी साऱ्या शहराची घड्याळं दीड तास पुढे, टोकियोच्या वेळेवर नेली. आजीने मात्र स्वयंपाकघरातलं हलवू दिलं नाही. देवापुढचा दिवा जुन्याच वेळेला लागायचा. "बाहेर कुणी विचारलं तर बाहेरची वेळ सांगायची," एवढंच आजोबांनी बजावलेलं. का, ते नाही. आत्याची समजूत अशी झाली, की वेळेबरोबर ऊनही आता जपान्यांचं झालं आहे आणि आपल्यापुरतं थोडं आजीने आत लपवलंय. नाक्यावरच्या पहारेकऱ्याला वाकून नमस्कार केला की तो तिला खडीसाखर द्यायचा. आपणही काही द्यावं म्हणून एके दिवशी तिने त्याला हाताला धरून घरात आणलं आणि ते घड्याळ दाखवलं. तो हसला, स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून निघून गेला. चार दिवसांनी आजोबांना नेलं. ते परत आले नाहीत. आजी आत्याला कधी रागावली नाही. पण 'तुझ्यामुळे नाही गं' असंही कधी म्हणाली नाही.

"तू एवढं वाचतोस," आत्या म्हणाली, "बघ ना कुठे लिहिलंय का... घड्याळासाठी माणूस नेत असतील का रे?"

"बघतो," म्हणालो, आणि खरोखर बघतच बसलो. लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणली, टिपणं काढली. दर रविवारी संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा. "सापडलं का?" "अजून एक पुस्तक यायचंय, आत्या." पुरावा हाती आल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी जुनी खोड. सहा वर्षांच्या पोरीने प्रेमाने घड्याळ दाखवलं, त्यात तिचा काय दोष... एवढंच म्हणायचं होतं. त्याला पुस्तक कशाला लागतं?

"इट्स ऑलवेज राँग, दादा. टाकून देऊ?" असं आत्याचं स्वयंपाकघर आवरताना निखिलने विचारलं, तेव्हा ते घड्याळ मी मागून आणलं. हिवाळा सरला, तशी गेल्या रविवारी घरातली सगळी घड्याळं पुन्हा तासभर पुढे केली आणि शेवटी हे एक दीड तास मागे लावलं. संध्याकाळी सात वाजले तेव्हा त्यात साडेपाचच झाले होते. तिचा फोन यायला अजून वेळ होता... मी टिपणं मिटली आणि फोनजवळ बसून राहिलो.