लहानूभाऊचे काळे केस

लहानूभाऊ तसा भित्रा माणूस नव्हे. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर त्यानं उमर घालवली, तीही ठेकेदाराच्या हाताखाली. ठेकेदार आले नि गेले, लहानू तिथंच राहिला. पण नव्या ठेकेदारानं फळ्यावर नोटीस लावली आणि गड्याचं धाबं दणाणलं. पंचावन्नच्या वरच्या कामगारांनी दर शनिवारी बायकोला घेऊन हॉलमध्ये यावं, निवृत्तीच्या तयारीबद्दल माहिती देणार आहेत, असं त्यात होतं.

"कायची माहिती? घरी धाडून राह्यले आपल्याले," जेवता जेवता तो बायकोला, सत्यशीलाला म्हणाला. "अन् बायकोले काऊन बोलावलं? रडाले?"

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं! दुसऱ्याच दिवशी त्यानं बाजारातून काळी मेंदी आणली आणि डोकं, मिशा, सगळं काळंभोर करून टाकलं. दोन शनिवार तो हॉलकडे फिरकलाच नाही. वर्ग डुटीच्या वेळात होता, पगारही कापत नव्हते. त्यानं तर त्याचा संशय आणखी वाढला. ठेकेदार आणि फुकट? छे!

मनात भीती एकच होती. त्याचा बाप पोंभुर्ण्याकडे लोकांच्या धानाच्या बांधीत राबला आणि म्हातारपणी बिडीसाठीसुद्धा पोराकडे हात पसरत बसला. तो पसरलेला हात लहानू विसरला नव्हता. आपली तशी गत नको म्हणून त्यानं ठरवलं, यांनी हाकलायच्या आधी आपणच काम सोडायचं आणि फंडाचा पैसा उचलायचा. मागं घरावर स्लॅब टाकताना असाच सगळा उचलला होता. तेव्हापासून जमलेला तेवढाच आता हाताशी होता.

"सोमवारी राजीनामा देतो," तो म्हणाला.

 तिसऱ्या शनिवारी सत्यशीला एकटीच हॉलमध्ये जाऊन बसली. परत आली ती घाईघाईनं, चपला न काढताच.

"मले सगळं नाई समजलं, पण एवढं समजलं का तुमी राजीनामा देऊ नका. सोमवारी माह्यासंगं मॅडमकडं चाला."

ठेकेदाराच्या ऑफिसात शनिवारचा वर्ग घेणाऱ्या रिनामॅडम होत्या. पोंभुर्ण्याचीच पोरगी, बोलणं अगदी घरचं. त्यांनी खुर्च्या पुढं केल्या.

"भाऊ, वय किती तुमचं?"

लहानूनं मिशीवर बोट फिरवलं. "एकोणपन्नास धरा."

"मग पेन्शनले नऊ वर्षं थांबा लागन तुमाले."

"पेन्शन? मले? ठेकेदाराच्या माणसाले?"

"तुमालेच. पगारातून दर महिन्याले कापून राह्यलो ते कायसाठी? दोन ठेकेदारांकडचे फंडाचे खाते आमी जोडून घेतले. पेन्शनले लागतात ते दहा वर्षं संक्रांतीले भरतात. मग अठ्ठावन्न झाले का दर महिन्याले पैसे, जिवंत असेपर्यंत. लय नाई मिळत, पण हक्काचे. आत्ता सोडून सगळं उचललं असतं, तर पेन्शन गेली असती."

लहानू खुर्चीतून उठलाच. "मॅडम, मले सत्तावन सरून राह्यलं जी! चैतात अठ्ठावन्न भरते! हे केस... हे म्या काळे केले जी!"

बाहेरच्या बाकावरची माणसंसुद्धा हसली. रिनामॅडमनं तोंडावर रुमाल धरला. लहानूला लाज वाटली, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. छातीवरचं पोतं कुणी उतरवून ठेवावं तसं. "वाचलो बाप्पा, वाचलो," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"म्हणजे काढून नाई टाकत आमाले?" त्यानं विचारलं.

"कोण काढते? तुमाले हे समजावं म्हणूनच तर वर्ग ठेवला. दोन शनिवार कुठी होते तुमी?"

लहानूनं मान खाली घातली.

"अन् बायकांले काऊन बोलावलं, तेही सांगते," मॅडम म्हणाल्या. "भाऊ, तुमच्या मागं हे पेन्शन बाईले सुरू राहन. अर्धंच, पण मिळन. हे त्यायलेच माहीत नसन तर मागन कोण?"

सत्यशीला कधी कुणासमोर रडणारी बाई नव्हे. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"पाहा मॅडम," लहानू म्हणाला, "म्या म्हटलंच होतं, रडालेच बोलावलं म्हणून." आणि त्यानं स्वतःचेही डोळे पुसले.