रिकामी केलेली जागा

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली. कोणी विचारलं तर "घशामुळे" म्हणून सांगते, कागदावरही तेच आहे. पण घसा हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं माझी घाई.

शाळा दोन शिक्षकी होती. केळवलीला गाडीतून उतरून अर्धा तास चालत आत जायचं. तिसरी-चौथी गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. एका खोलीत दोन वर्ग म्हणजे सगळं काम आवाजावर. पहिलीला पाटीवर 'ग' गिरवायला बसवायचं, तेवढ्यात दुसरीकडून पाढे म्हणून घ्यायचे, आणि वर पत्रे वाजत असले तर त्यांच्याही वर ओरडायचं. सत्तावीस वर्षं ओरडले. घसा बसला की ज्येष्ठमध चघळायचा आणि पुन्हा ओरडायचं.

त्या वर्षी डोंगराकडच्या वाडीतली सात मुलं पहिल्यांदाच पहिलीत आली. आपणहून नव्हती आली. मी मे महिन्यात चार फेऱ्या मारल्या, प्रत्येक घरी बसले, तेव्हा आली. दिवाळीपर्यंत ती भिंतीला टेकून नुसती बघत बसायची. गावातली मुलं मोठ्यानं पाढे म्हणायची, यांच्या तोंडून अक्षर नाही. त्यांची बोली वेगळी, आणि चुकलं की बाकीची हसायची.

जानेवारीत माझा आवाज पार गेला. कुजबुजलं तर घशाला आराम पडेल अशी माझी समजूत. म्हणून कुजबुजत शिकवायला लागले. आठवड्याभरात सगळा वर्ग कुजबुजायला लागला. मी सांगितलं नव्हतं. बाई हळू बोलतात म्हणून मुलंही हळू बोलू लागली, एवढंच. "बे एके बे" इतक्या हळू की बाहेरची कोंबडी ऐकू यावी.

गुरुजी एकदा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात कोण वारलं काय?"

पण त्या कुजबुजीत वाडीची मुलं बोलायला लागली. हळू बोललेलं चुकलं तरी शेजाऱ्यापलीकडे जात नाही. त्यांच्यातली एक मुलगी, केस तेल न लावता घट्ट बांधलेले, माझ्या कानाशी येऊन अख्खा पाचाचा पाढा म्हणून गेली. मार्चपर्यंत सातही जण अक्षरं जोडून वाचत होते.

मार्चमध्ये पुण्याला घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा घालून पाहिलं. "गाठी आहेत. बोलणं कधीपासून बंद केलंय?"

"बंद नाही, कुजबुजते," मी म्हटलं.

"ओरडण्यापेक्षा ते वाईट. तीन महिने पूर्ण मौन. बऱ्याच जणांचा आवाज परत येतो. नाही आला तर पुढचं बघू."

म्हणजे दोन महिने मी घशाला आराम म्हणून जे केलं, त्यानंच तो जास्त बिघडवला होता.

गुरुजी म्हणाले, "रजा टाका. तीन महिने मी चारी वर्ग ओढतो."

मी बोलायचं नव्हतं, म्हणून वर्गातल्या एका मुलाची पाटी घेऊन लिहिलं, "एकटे? तुम्हाला दमा आहे."

"दमा माझा आहे. तुम्ही कशाला वागवता?"

आमच्या नोकरीतली पद्धत अशी, की रजेवरच्या माणसाची जागा भरलेली समजतात. बदली कोणी मिळत नाही. माणूस कायमचा गेला तरच जागा रिकामी होते आणि नवीन माणूस मागता येतो. मी पाटीवर लिहिलं, "मी सोडलं तर जूनला नवी बाई येईल. मुलांचं वर्ष जाणार नाही."

गुरुजींनी वाचलं आणि पाटी पुसून परत दिली. "जूनला पाऊस येतो. बाई आलेली मी तरी पाहिली नाही."

मला वाटलं, यांना कामात बदल नको असतो. घरी मालक म्हणाले, "पंधरा दिवस घरात शांतता आहे, मला झोप लागेना झालीय. पण अर्ज आता लिहू नकोस. बोलायला लागलीस की मग काय ते ठरव." मला लोंबकळत राहिलेली गोष्ट आवडत नाही. रजेवर बसून वर्ग अडवून ठेवणं तर मुळीच नाही. त्याच रात्री अर्ज लिहिला. अलिबागला जिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरी दाखला आणला. तपासणीच्या दिवशी माझ्या तोंडून शब्दच निघत नव्हता, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना तरी शंका कुठून येणार? "अध्यापनास कायमची अपात्र" असं त्यावर लिहिलं होतं. मी तो घडी न घालता फाईलला लावला. एप्रिलअखेर नारळ घेऊन घरी आले.

जुलैत आवाज आला. खोपोलीच्या बाजारात भाजीवालीला "ही मेथी कालची आहे" असं म्हटलं आणि ते स्पष्ट ऐकू आलं. भाजीवाली भांडायला लागली, मी मात्र तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं.

जूनला नवी बाई आली नव्हती. परत घ्याल का, हे विचारायला मी खालापूरला शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले. कारकून माणूस चांगला होता, त्यानं खुर्ची दिली.

"बाई, तुम्ही कागदावर आजारी आहात."

"बोलतेय की मी तुमच्याशी."

"ऐकतोय ना. पण आमच्याकडे आजारी पडायचा नमुना आहे. बरं व्हायचा नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. गुरुजी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभे राहून चार वर्ग घेत होते, बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होते. माझ्या निर्णयाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. वाडीच्या मुलांचं विचारलं तर म्हणाले, "चार वर्ग म्हटल्यावर ओरडावंच लागतं, बाई. ती घाबरली. एकेक करून यायची थांबली."

वाडीवर गेले तेव्हा त्या मुलीची आई दारात भाजी निवडत होती. मुलगी धाकट्याला घेऊन ओढ्यावर गेली होती.

"पाठव गं तिला," मी म्हटलं. "चांगली वाचत होती."

"वाचायची. शेंगदाण्याच्या पुडीवरचं बी वाचायची." तिनं भाजीतली काडी बाजूला टाकली. "पन आता कोनाकडं पाठवू? तुमी येता का?"

माझा आवाज तेव्हा अगदी बरा होता. मी पिशवी उचलली आणि वाट उतरायला लागले. मुलगी येईपर्यंतही मी थांबले नाही.

नवी बाई दीड वर्षानं आली. मी गुरुजींवर तीन महिने टाकायला तयार नव्हते, त्यांनी अठरा ओढले. वाडीच्या सातांपैकी पुढे कोणी शाळेत गेलं का, ते मी विचारलेलं नाही.