मी पुसलेली डिस्क

पुण्यातली नोकरी गेली आणि कंपनीचा लॅपटॉपही गेला. अमरावतीला आई-बाबांकडे परतले ते एकच हट्ट धरून, की आता स्वतःचा गेम करायचा. छोटासाच, पण विंडोज, लिनक्स आणि फोन अशा तिन्हींवर चालेल असा. त्यासाठी घरात कॉम्प्युटर मात्र नव्हता.

अकोल्याला आत्याकडे एक होता, बारा वर्षांचा. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामाच म्हणतो, कृषी खात्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांची स्वरपेटी काढावी लागली. तेव्हापासून ते खिशातल्या वहीत लिहूनच बोलतात. मी गेले तेव्हा आत्या आठ दिवसांसाठी हिवरखेडला नणंदेकडे गेली होती. मामांनी वहीत लिहिलं, "घेऊन जा. पडूनच आहे." कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं, मॉनिटर पायांशी ठेवला आणि अमरावतीपर्यंत एसटीच्या प्रत्येक धक्क्याला जीव मुठीत धरून बसले.

घरी येऊन झाकण उघडलं तर आत धुळीचा कापूस झालेला. ब्रशने साफ केलं, जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली रॅमची पट्टी बसवली आणि बटण दाबलं. लांबलचक बीप झाले, पडदा काळाच. दुसऱ्याची वस्तू आणून मारून टाकली, असं वाटलं. पट्टी काढली, खोडरबराने तिची पिवळी टोकं घासली, पुन्हा बसवली. चालू झाला.

मामांना मेसेज केला, "डिस्क पूर्ण पुसून लिनक्स टाकावं लागेल. काही ठेवायचं आहे का?"

उत्तर लगेच आलं, "काही नाही. पूस."

मी पुसली. एकही फोल्डर उघडून पाहिलं नाही. हे मला आजही कोणाला सांगताना जड जातं.

गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्या जुन्या ग्राफिक्सवर उघडेना. जुन्या मशीनसाठीची सेटिंग शोधून काढली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर एक करडा चौकोन माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर उडी मारू लागला. फोनसाठीचा गेम तयार करायला लागणारं भलंमोठं सामान डाउनलोडला लावलं आणि चहा ठेवला. तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"पोरी, आताच आली मी हिवरखेडहून. टेबल रिकामा दिसून राहिला. कम्प्युटर तुह्यापाशी हाय म्हणे?"

"हो आत्या."

"असू दे, वापर. निस्तं एक कर. त्याच्यात तुह्या मामाचा आवाज हाय. ऑपरेशनच्या पयले रेकॉर्ड केला होता मी. तेवढा मले काढून दे."

"फोनमध्ये नाही का तो?"

"नाई वो. तो फोन तं तवाच बिघडला. ते बाहेर गेले का मी ऐकत असतो थोडासाक. त्याइले नको सांगू."

"हो, देते," मी म्हणाले. फोन ठेवला. चहा उतू गेला. मागच्या खोलीत ते डाउनलोड चालूच होतं. पुसलेलं वर दुसरं काही येईपर्यंत डिस्कवर उरतं, म्हणजे त्या आवाजावर माझं सामान दर सेकंदाला येऊन पडत होतं. धावत गेले आणि भिंतीतली पिनच उपटली.

पुण्यातल्या एका जुन्या सहकारिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आता त्या डिस्कवर काहीही लिहू नकोस. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू कर आणि जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर काढ. नावं गेलेली असतील. जे उरलं असेल ते नशीब."

दोन दिवस ते शोधकाम चाललं. टक्क्यांचा आकडा पुढे सरकायचा, थांबायचा. आईने विचारलं, "जेवत काहून नाईस?" तर खोटं बोलले. आत्याचे दोन फोन आले, ते उचलले नाहीत. मामांना काय सांगायचं, हा तर आणखी वेगळा घोर होता. शेवटी नावं नसलेल्या शेकडो फायली हाती आल्या. बहुतेक उघडतच नव्हत्या. काहींत नुसती खरखर, काहींत अर्धा शब्द. धड अशा तीनच निघाल्या. एकीत मामा संत्र्यावरच्या किडीची माहिती देत होते. दुसरीत हसत होते. तिसरीत ओरडत होते, "अवं, ते कुकर बंद कर, शिट्ट्या मोजून राहिली का?"

फोनवर सांगायची हिंमत नव्हती. पेन ड्राइव्ह घेऊन अकोल्याला गेले. आत्या दारातच होती, मामा खुर्चीवर. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

मला वाटलं, आत्याने मारलं तर बरं.

मामांनी वहीत लिहून वही तिच्यापुढे धरली, "मीच म्हटलं होतं, पूस."

आत्याने ती वाचली आणि वही खाली टाकली. "तुमी कोण पूस म्हणणारे? तुमचा आवाज काय निस्ता तुमचाच होता?"

मामांचा चेहरा मी पाहू शकले नाही. खाली वाकून वही मीच उचलली. आत्या माझ्याकडे वळली. "अन् तू? शिकली-सवरलेली. एकदा उघडून पाहाले काय झालं होतं?"

तिने पेन ड्राइव्ह घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि आत गेली. मला चहा विचारला नाही. आत्याच्या घरी असं पहिल्यांदाच झालं.

मामा मला सोडायला स्टँडपर्यंत आले. गाडी लागल्यावर त्यांनी लिहिलं, "ती ऐकते, हे मला माहीत नव्हतं." पुढे आणखी काही लिहायला लागले, पण कंडक्टरने घंटी दिली.

आत्या दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. गेम झाला, तिन्हीकडे चालतो, थोडे लोक खेळतातही. मशीन मी परत द्यायला निघाले तेव्हा मामांनी नको म्हणून कळवलं. भाऊबिजेला आत्या आमच्याकडे आली, बाबांना ओवाळलं आणि मग माझ्यापुढे फोन आणि तो पेन ड्राइव्ह धरून म्हणाली, "हे याच्यात कसं घ्याचं ते दाखव. अन् हळू कर."

मी तिन्ही फायली फोनमध्ये घेतल्या, तीन वेळा तपासल्या आणि मगच पेन ड्राइव्ह काढला.