सातव्या बेटावरचा ठेचा

धबधब्यात आमच्या भाकरी वाहून गेल्या, म्हणून माझ्या बहिणीचं लग्न जमलं.

हे वाक्य मी पत्रकात छापलं असतं, तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. (तसं त्यांनी काढलंच होतं, पण वेगळ्या कारणांसाठी.) मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अंगावर खादी, काखेत पत्रकांचा गठ्ठा. सरकार नागपुरात बसून वऱ्हाडावर राज्य करत होतं, आणि मी मोताळ्यात बसून सरकारवर, सावकारावर, हुंड्यावर आणि चहावर कोरडे ओढत होतो. यांपैकी चहानं तेवढी थोडी दखल घेतली. तो आमच्या घरी बंद झाला.

आमच्या तरुण सुधारक मंडळात एकूण तीन सभासद होते. अध्यक्ष मी. चिटणीस मधू, हा घाबरत घाबरत सुधारक झाला होता. तिसरा गणपत, तालमीतला गडी. सुधारणेतलं त्याला काही कळत नसे, पण सभेनंतर चिवडा असतो एवढं नक्की कळत असे.

त्या श्रावणात आमचा रोख होता सात आसरांवर. गावापासून दोन कोसांवर एक ओढा घाटातून धबधबा होऊन खाली उडी घेतो, आणि त्याच्या पुढं पात्रात सात खडकाळ बेटं आहेत. प्रत्येक बेटावर शेंदूर फासलेला एक दगड. या सात बहिणी, पाण्यातल्या देवी. घरात लग्नाची बोलणी निघाली की बायकांनी पहाटे जाऊन सातही बेटांवर नैवेद्य ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. मी पेटलो! पत्रक काढलं: "उपाशी पोरं, तृप्त दगड! बंधूंनो, हा कुठला न्याय?" पत्रकात मी एकवीस प्रश्न विचारले होते. बाविसावा, म्हणजे नैवेद्य ठेवल्यानंतर पुढं काय होतं, हा मी कुणालाच विचारला नाही. (प्रचारक विचारत नसतो. सांगत असतो.)

मजकूर बाबांनी तपासून दिला. बाबा शाळेत हेडमास्तर, देवाधर्मापासून चार हात लांब. त्यांनी तांबड्या शाईनं पत्रकाची अशी काही चिरफाड केली, की तो कागद जखमी दिसायला लागला. "विचार बरोबर आहेत," ते म्हणाले, "पण ओरडतोस फार."

पत्रकं गावात वाटून झाली, तरी मोठा गठ्ठा घरात उरलाच. मग मी ठरवलं की येत्या रविवारी मंडळाची सहल काढायची. धबधबा पाहायचा, सातही बेटांवर जायचं, आणि आसरा काही करत नाहीत हे देहानं सिद्ध करायचं.

रविवारी माय पहाटेच कुठंसं जाऊन आली होती आणि आता पुन्हा चुलीपुढं घामाघूम झाली होती. पुरणाचा वास घरभर. सिंधू, माझी धाकटी बहीण, दारात आडवी झाली.

"दादा, आज घरी राह्य नं. देऊळगाव राजाचे आबाजी येऊन राह्यले."

"कोण आबाजी?"

"अरे, मह्या सोयरिकीचं बोलाले!" ती रडकुंडीला आली. "हुंडा नको म्हणतात ते. पोरगा शिकलेला आहे, मले पुढं शिकू देतो म्हणतो. असं स्थळ पुन्हा येईल का?"

"मग जमलंच समज. मले देशकार्य आहे."

"दादा, हे मोडलं नं, तं तुह्याशी जन्मात बोलणार नाही मी!"

मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि निघालो. काखेत पत्रकं होती, हातात डांबराचा डबा. धबधब्याशेजारच्या काळ्या कातळावर डांबरानं 'जागे व्हा' लिहायचं होतं. (काळ्या कातळावर काळं डांबर दिसणार नाही, हे तिथं गेल्यावर लक्षात आलं.)

तरी लिहायचं ठरलं. मी गणपतच्या खांद्यावर चढलो. तुषारांनी सगळं निसरडं झालेलं. 'जागे' लिहून झालं, आणि तेवढ्यात गणपतला शिंक आली! मी उजवा हात मनगटापर्यंत डांबराच्या डब्यात घालून खाली आलो, डबा मधूच्या छातीवर बसला, मधू भाकरीच्या गाठोड्यावर बसला, आणि गाठोडं भोवऱ्यात दोन गिरक्या घेऊन दिसेनासं झालं.

"भाकरी गेल्या बे!" गणपत असा ओरडला, जणू घरातलं माणूस गेलं.

माझा हात वाळूनं घासला, पाल्यानं घासला, दगडानं घासला. कातडी गेली, डांबर राहिलं. कपडे चिंब झाले होते, ते कातळावर वाळत घातले आणि तिघेही लंगोटीवर पुढच्या बेटांकडे निघालो.

पहिल्या बेटावर पळसाच्या पानात पुरणपोळी होती. सोबत भजी, दहीभात. वरून कागदाचं झाकण. शेजारी चार कावळे बसले होते.

"हाकल त्यांना!" मी गणपतला म्हणालो. त्यानं असा गोटा भिरकावला, की ते कावळे त्या दिवशी परत फिरकले नाहीत.

मधू म्हणाला, "अरे, पण मही माय सांगत होती, का या नैवेद्याचं..."

"मधू, विषयांतर नको! मी तत्त्व म्हणून पहिला घास घेतो."

तत्त्व फारच चविष्ट होतं. गुळात वेलदोडा घातलेला होता. आकाश कोसळलं नाही, पाणी उसळलं नाही. आम्ही गुडघाभर पाण्यातून दुसऱ्या बेटावर गेलो. तिथंही तत्त्व. तिसऱ्यावर मी झाकणाचा कागद उलटून पाहिला आणि थक्क झालो. "उपाशी पोरं, तृप्त दगड!" आमचंच पत्रक! "पाहा!" मी गरजलो, "भाविकांच्या घराघरात आपलं पत्रक पोचलं!"

"नैवेद्यावर झाकाले," मधू पुटपुटला. "पण मी काय म्हणतो, मही माय म्हणे का नैवेद्य जर का..."

"मधू, घास गिळ आणि चल!"

चौथं बेट झालं, पाचवं झालं. सहाव्यावर पोट जड होऊन गणपतसुद्धा बसून खाऊ लागला. शेवटचं भजं तोंडात टाकून मी कागद उचलला, आणि ते भजं घशात जिथं होतं तिथंच थांबलं.

कागदावर तांबडी शाई होती. समासात बाबांचं वळणदार अक्षर: "ओरडतोस फार."

घरात पहाटेपासून शिजत होतं ते हे पुरण! मायनं माझ्याच उरलेल्या पत्रकांनी झाकलेला, सिंधूच्या सोयरिकीचा नैवेद्य! सहा बेटांवर तो होता, आणि आता आमच्या तिघांच्या पोटात होता.

"गणप्या," मी म्हणालो, "मी बहिणीचं लग्न खाल्लं रे!"

"आपण तिघांनी," गणपत प्रामाणिकपणे म्हणाला आणि ढेकर दिला.

धावत सातव्या बेटावर गेलो. ही थोरली आसरा. ती तापट, तिला गोड चालत नाही. म्हणून तिच्यापुढं ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा लिंबाएवढा गोळा. शेजारी ओटीचा खण आणि हिरव्या बांगड्या. "याला कुणी बोट लावायचं नाही!" मी दरडावलं. निदान एक तरी नैवेद्य शाबूत राहो! जन्मात पहिल्यांदाच मी एका दगडापुढच्या भाकरीचं रक्षण करत उभा होतो, आणि तेवढ्यात काठावर माणसांचे आवाज आले.

आम्ही तिघे दगडामागच्या लव्हाळ्यात आडवे झालो. फटीतून पाहतो तो काय! पांढराशुभ्र फेटा बांधलेले एक धिप्पाड गृहस्थ. हेच आबाजी असणार. आणि त्यांच्या मागं, हातात जोडे घेऊन, अनवाणी, कपाळाला कुंकू लावलेले बाबा! माझे बाबा! ज्यांनी माझं पत्रक तपासलं, ते बाबा! एक वेळ आसरा स्वतः उठून बसली असती, तर मला एवढा धक्का बसला नसता.

"सहा पानं साफ आहेत, मास्तर," आबाजी खूष होऊन म्हणाले. "सहा जणींनी पोरगी पसंत केली बघा. आमच्या घरात तीन पिढ्या हीच चाल हाय. दुपारपर्यंत पान रिकामं झालं तर होकार."

लव्हाळ्यात मधू माझ्या कानाशी कुजबुजला, "मी तेच तं सांगून राह्यलो सकाळपासून!"

मग आबाजींची नजर सातव्या दगडाकडे गेली. चेहरा पडला.

"थोरलीनं शिवलं नाही की हो."

"थोडं थांबू या नं," बाबांचा आवाज कापत होता. "कावळा येईल एखादा."

"थांबतो. पण ऊन डोक्यावर आलं म्हणजे निघणार. पोरगी सोन्यासारखी हाय तुमची, मला हुंडा नको, काही नको. पण थोरलीचा शब्द मोडून सून नेता येत नाही मला."

कावळा कुठून येणार? गणपतनं सकाळीच त्यांना जिल्ह्याबाहेर पाठवलं होतं! ऊन वर चढत होतं. बाबा दगडाकडे बघत होते, आणि हेडमास्तरांचे ओठ हलत होते. डोळ्यांपुढं दारात आडवी झालेली सिंधू आली.

"गणप्या, हात घाल आणि भाकर ओढ," मी कुजबुजलो.

"पोटात जागा नाही बे! आणि ठेचा? मेलो तरी नाही."

"मधू?"

मधूनं आधीच डोळे मिटून घेतले होते. तसेच मिटलेले ठेवून तो म्हणाला, "तूच घाल. पण बांगड्या घालून घाल. दिसलाच हात, तं बाईचा दिसू दे."

दगडाआडून चाचपडत मी बांगड्या ओढल्या. त्या माझ्या हातात चढेनात. गणपतनं तालमीतलं सगळं बळ लावून चढवल्या. माझ्या आणि सिंधूच्या नशिबानं एकही फुटली नाही. आणि मग लव्हाळ्यातून, दगडाला वळसा घालून, हिरव्या बांगड्यांचा, मनगटापर्यंत काळाकुट्ट हात बाहेर आला.

काठावर श्वास अडकल्याचा आवाज झाला. हातानं भाकर उचलली. हात आत गेला.

"मास्तर!" आबाजी किंचाळले. "पाहिलं?"



मी सहा बेटांच्या पुरणावर ती भाकर कशीबशी कोंबली. वाटलं, सुटलो. तेवढ्यात काठावरून आवाज आला, "पण ठेचा राहिला की!"

हात पुन्हा बाहेर गेला. तोल सावरायला आधी पाची बोटं दगडावर टेकली, मग पानावरचा सगळा गोळा उचलला. हात आत घेऊन मी तो एकदम तोंडात टाकला. कानांतून वाफ निघाली! नाक वाहू लागलं, डोळे वाहू लागले, आणि मी कितीही दाबला तरी पोटाच्या तळातून एक भयंकर आवाज निघाला: "हाऽऽऽ!"

"हुंकार दिला आईनं!" आबाजी तिथल्या तिथं चिखलात पालथे पडले. "सोयरीक पक्की, मास्तर! पक्की!"

संध्याकाळी आमच्या घरी जेवणाची पंगत होती. बांगड्या निघत नव्हत्या, आणि सोयरिकीच्या दिवशी त्या फोडायची कुणाची छाती? मी सदऱ्याची बाही बोटांपर्यंत ओढून डाव्या हातानं वाढत होतो. वाकलो की बाहीत किणकिण. आबाजींनी मान वर केली, की लगेच दाराआडून सिंधू आपल्या बांगड्या वाजवी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं बाहीच्या टोकाशी काळं नख पाहिलं होतं.

पंगत उठल्यावर बाबांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. मी पत्रकातलं सगळं बळ एकवटून म्हणालो, "बाबा, तुम्ही! अनवाणी! कुंकू लावून!"

बाबांनी माझा काळा हात कंदिलापाशी धरला, बांगड्या पाहिल्या, आणि शांतपणे विचारलं, "ठेचा लय तिखट होता का रे?"



लग्न उत्तम झालं. सिंधू शिकली, आज मुलींच्या शाळेत शिकवते. मंडळाचं काम मात्र बसलं. आबाजींनी जिथं जातील तिथं ही हकिकत सांगितली, आणि लोकांनी जाऊन पाहिलं, तर सातव्या दगडावर पाच बोटांचा काळा ठसा! पाण्यानं जात नाही, पावसानं जात नाही. आता तिथं श्रावणात जत्रा भरते, नारळ फुटतात. ज्या खुळ्या समजुतीविरुद्ध मी पत्रकं वाटली, तिच्यावर मीच स्वतःच्या हातानं शिक्कामोर्तब केलं!

माझी मतं आजही तीच आहेत. देव मी मानत नाही, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगेन. फक्त श्रावणातला एक रविवार सोडून. त्या दिवशी आबाजी थोरलीपुढं नैवेद्य ठेवून काठावर हात जोडून बसतात, सिंधू घरून निरोप धाडते, "दादा, तेवढं पाह्य," आणि मी मुकाट्यानं बांगड्या घालून लव्हाळ्यात शिरतो. भक्ती वाढली तसा ठेच्याचा गोळाही वाढला आहे. यंदा तो नारळाएवढा होता.